दुसऱ्याच्या चुलीपाशी

फोन शेफालीचा होता, कांताच्या स्टेशनाजवळच्या मेसमधून. सकाळची वेळ, मी चंद्रपूरला कॉलेजात निघण्याच्या गडबडीत. "बाई, दीदी गेली," एवढं म्हणून ती थांबली. कांता जाणार हे दोन-तीन महिन्यांपासून आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, तरी ठाऊक असणं आणि ऐकणं यांत फार अंतर असतं... मग नाक ओढत शेफाली म्हणाली, "आन बाई, जेवाले मेसमधीच या. चूल पेटवली हाय. दीदीनं सांगून ठेवलं होतं, मी मेली म्हणून गाडीवरच्या लोकायले उपाशी ठेवू नोका." मी रडत होते आणि मला हसूही येत होतं. कांताच्या बाबतीत हे आयुष्यभर असंच होत आलं.

कांता माझी मावसबहीण, माझ्याहून दीड-दोन वर्षांनी लहान. नागभीडजवळच्या एका खेड्यात तिचं घर. समोर मालगुजारीच्या काळातला तलाव आणि त्या तलावात पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणारी आमची माणसं. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. पुढे मी भूगोलाची प्राध्यापक झाले तेव्हा कॉलेजातली पोरंही मला बाईच म्हणू लागली. त्यावर कांता म्हणाली होती, "पाह्यलं? मी तुले आधीच नोकरीवर लावलं होतं." चाळिशी गाठायच्या आत ती गेली. शेवटची भेट नागपूरच्या दवाखान्यात झाली. अंगात काही उरलं नव्हतं, पण जीभ शाबूत होती. समोर ताटलीत पिवळट, पचपचीत खिचडी. एक घास घेऊन तिनं चमचा खाली ठेवला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "बाई, या खिचडीचा काईच गुन्हा नाई. पन हिले शिक्षा मोठी झाली हाय." शेजारच्या खाटेवरची म्हातारी हसून हसून खोकायला लागली.

तिचं स्वयंपाकाचं वेड घरात कुणाला कळायचं नाही. म्हणजे पोरगी रांधते याचं कौतुक होतं, पण रांधणं शिकायला नागपूरच्या कॉलेजात जायचं आणि त्याची फी भरायची, हे मावसाजींच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, डोक्यात शिरत नव्हतं. "तुह्या मायले कोनं शिकवलं वो? तिले कोनतं कालेज होतं?" असं ते विचारायचे. ती तरीही गेली. नागभीडहून नागपूरला जाणाऱ्या छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीत बसून गेली, एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात लागली आणि पहिलं वर्षभर कांदे सोलत राहिली. बाकीच्या मुली हॉटेलात दर्शनी भागात, साड्या नेसून, हसतमुख उभ्या असत. भट्टीपाशी मुलगी म्हणजे ही एकटीच.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. हॉटेलांतल्या शेफ लोकांची एक संघटना दरवर्षी तरुण शेफसाठी शिष्यवृत्ती द्यायची. निवड झालेल्यानं काही महिने परदेशातल्या स्वयंपाकघरात काम करायचं, प्रवासाचा आणि राहण्याचा भार त्यांचा. कांताच्या मोठ्या शेफनी तिचं नाव पाठवून दिलं. निवड हैदराबादला होती. प्रत्येकानं आपल्या मनानं एक पदार्थ करायचा. कांता सांगायची, "बाई, डाव्या बाजूचा पोट्टा फ्रेंच सॉस करून राह्यला, उजव्या बाजूचा कलिंगडातून मोर कोरून राह्यला. मंग मी इचार केला, आपन आपला रस्साच करू." तिनं रोहू घेतला. भिवापुरी मिरची, लसूण, भाजलेल्या जवसाचा कूट, चिंचेचा कोळ. शेवटी कोथिंबीर, म्हणजे आमच्या भाषेत संभार.

रश्शात मासा सोडल्यावर तिनं पळी बाजूला ठेवली. गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, दोन्ही हातांनी फडक्यात धरला आणि गोल गोल हिंदोळला. आमच्याकडे तसंच करतात. पळी घातली की मासा मोडतो, आणि मोडलेल्या माशाचा रस्सा पाहुण्याला वाढणं म्हणजे नाक कापून घेणं. परीक्षकांमध्ये एक जाडजूड, पांढऱ्या मिशांचा म्हातारा हंगेरियन शेफ होता. तोवर तो खुर्चीत पेंगत होता. गंज फिरताना पाहून तो उठून उभाच राहिला. दुभाष्या शोधून आणला गेला. हे तुला कुणी शिकवलं, असं त्यानं विचारलं. "मायनं," कांता म्हणाली. दुभाष्याला आमची बोली कळेना, म्हणून मग "माँ ने." म्हातारा छातीवर हात ठेवून बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. त्याचा मथितार्थ असा, की त्याच्याही नदीवर मासेमाराच्या रश्शात चमचा घालत नाहीत, भांडंच हलवतात, आणि ही गोष्ट त्याला त्याच्या आईनं शिकवली होती.

पहिला नंबर कांताचा आला नाही. कलिंगडातला मोर जिंकला आणि स्वित्झर्लंडला गेला. पण त्या म्हाताऱ्यानं आग्रह धरला, की या मुलीला माझ्या स्वयंपाकघरात पाठवा, राहण्या-जेवण्याचं मी पाहतो. अशी आमची कांता हंगेरीची झाली.

घरी मात्र अवघड होऊन बसलं. त्याच हिवाळ्यात ब्रह्मपुरीकडच्या एका मुलाशी तिचं जमलेलं होतं, सुपारी फुटली होती. ही बातमी कळताच मुलाची आई तणतणत आली. अंगणातूनच म्हणाली, "पोट्टी काय परदेशात भांडे घासाले जाऊन राह्यली काय?" घरातल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. कांता पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "हो ना मावशी. पन तिथले भांडे पाह्यले नाई ना मी अजून." लग्न मोडलं. मावसाजी महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. पाणी हवं असलं तरी "कोनी पानी देऊन राह्यलं का?" असं भिंतीकडे पाहून विचारायचे. कांता वरवर हसायची, पण एकदा तलावाच्या पाळीवर बसून मला म्हणाली, "बाई, बाबा नाई म्हनतीन तर मी नाई जात. पन मंग मी हसन कशी, ते नाई मालूम." तिच्या तोंडून इतकं साधं आणि इतकं गंभीर वाक्य मी आधी ऐकलं नव्हतं.

म्हणून मी माझा कॉलेजातला मोठा नकाशा गुंडाळून घेऊन गेले. मावसाजी ओसरीवर जाळं विणत होते. मी नकाशा जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले आणि हंगेरीवर बोट ठेवलं. ते वाकून पाहू लागले.

"हे निळं काय होय?"

"नदी होय, मावसाजी. मोठी हाय. तिचं नाव तिसा."

"मासे असतीन तिथी?"

"भरपूर. ते लोक बी आपल्यासारखेच नदीतले मासे खातेत. तो म्हातारा मासेमाराचाच पोरगा होय म्हने."

ते जाळ्याची गाठ मारत राहिले. बऱ्याच गाठी मारून झाल्यावर म्हणाले, "मासेमाराच्या घरी पोरगी उपाशी नाई मरत." आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा घराकडे तोंड करून, "कांता, पानी आन वो!" आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. ती इतकी धावत आली, की पाणी अर्धंअधिक वाटेतच सांडलं होतं.

हंगेरीच्या तिच्या कहाण्या आम्ही पुढे कितीतरी वर्षं ऐकल्या. म्हाताऱ्याचं नाव पिश्ता. तिकडे काकाला बाची म्हणतात म्हणून ती त्याला पिश्ता बाची म्हणायची. आमच्या नागभीडात त्याचा ताबडतोब पिस्ता काका झाला. तिसा नदीच्या काठी त्याचं जेवणघर. पहिले काही आठवडे कांता तिथंही कांदेच सोलत होती. "म्हंजे इमानात बसून गेली अन्‌ कांद्यापाशी येऊन पोचली," ती म्हणायची. पण तिथले कांदे मंद आचेवर तासन्‌तास शिजवून, चाळणीतून गाळून त्यांचा रस्सा करायचे. त्यात लाल मिरचीची पूड, मग मासा, आणि पुढे चमचा नाही. पहिल्यांदा तो रस्सा ताटात आला तेव्हा त्याचा रंग पाहून हिला घरची इतकी आठवण आली, की ती भांडी ठेवायच्या खोलीत जाऊन रडली. बाहेर येऊन चाखला तर तिखट काहीच नाही! "रंग आपला, चव पाहुन्याची," असं तिनं फोनवर मला सांगितलं. तो फोन एसटीडी बूथवर आला होता. मी रांगेतल्या सगळ्यांना थांबवून हंगेरीशी बोलले म्हणून पुढे बूथवाला मला फार मान द्यायचा.

एका रविवारी काठावरच्या मासेमारांचं जेवण होतं. पिश्ता बाचीनं कढई कांताच्या ताब्यात दिली. तिनं पिशवीतून जपून नेलेली भिवापुरी मिरची काढली आणि घरच्यासारखा हात सोडला. पहिला घास तोंडात गेला. मग एकाच्या डोळ्यांतून धारा लागल्या, एकानं पाव तोंडात कोंबला आणि एक दांडगा गडी उठून थेट नदीकडे चालू लागला. कांता घाबरली. पण गडी तोंड धुऊन परत आला, वाडगं पुढे केलं आणि पुन्हा वाढ म्हणाला. पिश्ता बाचीनं तिला बाजूला घेऊन खुणेनं सांगितलं, उत्तम झालंय, पुढच्या वेळी मिरची निम्मी.

मात्र तिच्या मनात खोल रुजलं ते दुसरंच. पिश्ता बाचीच्या स्वयंपाकघरात गिऱ्हाईक यायच्या आधी रांधणारे सगळे एका टेबलाशी बसून, गरम गरम जेवायचे. मालक, भांडी घासणारी, कांदे सोलणारी, सगळे. कांताची आई, म्हणजे माझी मावशी, जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवली. गंजाच्या बुडाशी उरलेला रस्सा आणि काटे. कांताला तोवर त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. परत आल्यावर पहिल्याच दिवशी तिनं रस्सा केला, मावशीला ओढून पाटावर बसवलं आणि रोहूचा डोक्याचा तुकडा तिच्या ताटात घातला. मावशी संकोचून म्हणाली, "अवो, बाबायले दे आधी." मावसाजी ओसरीवरून म्हणाले, "खा वो. मी का पळून जाऊन राह्यलो काय?" त्या दिवसापासून त्या घराची रीत बदलली.

नागपूरच्या हॉटेलनं तिला बढती देऊ केली. हिनं ती नाकारली आणि नागभीडच्या स्टेशनाजवळ मेस काढली. सगळ्यांनी कपाळावर हात मारला. लाइनवर काम करणारे, शाळेतले मास्तर, धानाचे व्यापारी, गाडी चुकलेले प्रवासी, असं गिऱ्हाईक. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, मिळाले की दारावर खडूनं फक्त "आज वास्ते" एवढं लिहिलेलं असायचं, आणि दुपारपर्यंत पातेलं रिकामं. तिथंही आधी रांधणाऱ्या बायांचं जेवण व्हायचं. एखादा घाईतला माणूस कुरकुरला की कांता म्हणायची, "भाऊ, उपाशी बाईच्या हातचं खाऊ नोका. मीठ चुकते तिचं."

मेस रुळल्यावर तिनं नवंच काढलं. म्हणाली, "मले कोनी तरी धाडलं ना बाई? आता मी कोनाले तरी धाडतो." चंद्रपूर आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या रांधणाऱ्या पोरापोरींपैकी एकाला दर एक-दोन वर्षांनी परदेशातल्या स्वयंपाकघरात पाठवायचं. मेसच्या कमाईतून बाजूला काढायचं, जुन्या हॉटेलातल्या मित्रांना कामाला लावायचं, आणि राहण्याची सोय पिश्ता बाचीनं आणि त्याच्या ओळखीपाळखीच्यांनी करायची. मी विचारलं, इथं बसून शिकवत का नाहीस? त्यावर तिचं उत्तर मी विसरलेले नाही. "दुसऱ्याच्या चुलीपाशी उभं राह्यल्याबिगर, आपल्या चुलीचा धूर कुठी जाते, ते समजत नाई."

पहिली निवड शेफालीची. मुलचेऱ्याकडच्या एका बंगाली गावातली ही मुलगी. तिची आजी फाळणीनंतर कधीतरी पूर्व बंगालातून जीव मुठीत धरून निघाली आणि फिरत फिरत या जंगलात येऊन वसली. कांता म्हणायची, "हिच्या नावातच शेफ हाय, मी काय निवडनार?" हंगेरीची सगळी बोलणी झाली. आणि शेफालीनं नकार दिला. तिला हंगेरीला जायचं नव्हतं, बांगलादेशातल्या बरिशालला जायचं होतं. आजीचं गाव तिकडचं.

कांता चिडली, खरंच चिडली. "अवो, इमान उभं हाय तुह्यासाठी, अन्‌ तू म्हनते शेजारच्या घरी जातो?" शेफाली मान खाली घालून म्हणाली, "दीदी, तुले तिसा नदीवर तुही माय सापडली. मले तिथी कोन सापडन?" कांता उठून कांदे सोलायला बसली. संध्याकाळी मला फोन करून म्हणाली, "बाई, तुह्या नकाशात बरिशाल दाखव बरं मले."

खरा विरोध आजीचा निघाला. ज्या गावातून पळून आलो तिथं नातीला कशी पाठवू, असं म्हणत म्हातारीनं अन्न सोडलं. कांता मुलचेऱ्याला गेली आणि दोन दिवस तिच्याकडे राहिली. काय बोलली ते कुणाला माहीत नाही. शेफाली सांगते, दीदी काही बोललीच नाही, नुसती आजीच्या हातचं जेवत होती आणि प्रत्येक पदार्थाला हे कुठलं, ते कुठलं विचारत होती. तिसऱ्या दिवशी आजी स्वतःच म्हणाली, जाऊ दे पोरीला, मला आता चवी नीट आठवत नाहीत.

शेफाली बरिशालच्या एका नदीकाठच्या हॉटेलात चार-पाच महिने राबून आली. आल्यावर तिनं घरी रोहूला मोहरी आणि नारळाच्या दुधात शिजवलं. तिथला इलिश मासा इथं कुठून आणणार? कांता आणि मी मुद्दाम गेलो होतो. म्हातारीनं घास घेतला, डोळे मिटले. म्हातारी म्हणाली, "मोहरी जास्त वाटली. आमच्या घाटावर एवढी नाही वाटत." आणि मग त्या घाटाविषयी बोलू लागली. घाटावरच्या होड्यांविषयी, बहिणीविषयी, नावेत सांडलेल्या गुळाविषयी. इतकी वर्षं तिनं यातलं एक अक्षर घरात काढलं नव्हतं, असं शेफालीची आई मला कानात सांगत होती. परतताना एसटीत कांता खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "मोहरी जास्त झाली ते बरंच झालं, नाई?"

त्यानंतर आणखी काही जण गेले. एक पोरगा पिश्ता बाचीकडे जाऊन आला आणि आता हैदराबादला मोठ्या हॉटेलात आहे. एक व्हिएतनामला गेली, तिथं भाताचे नाना प्रकार शिकून आली आणि सासरच्या गावी खानावळ चालवते. एक जण गेला तो परतलाच नाही, तिकडेच लग्न करून बसला. कांता म्हणायची, "त्याले मी स्वयंपाक शिकाले धाडलं होतं, तो संसार शिकला. काई तरी शिकला ना?"

ती गेल्यावर काही आठवड्यांनी यंदाची निवड होती. तारीख तिनंच ठरवून ठेवली होती, बदलायची कुणाची हिंमत नव्हती. मेसच्या मागच्या पडवीत तीन चुली पेटल्या. सिरोंच्याचा एक तेलुगू बोलणारा तरुण गोदावरीचे झिंगे घेऊन आला होता. नागभीडच्याच एका मुलीनं लाखोळीच्या डाळीचं काही केलं होतं. धानोऱ्याकडच्या जंगलगावातली सुनीता वास्ते रांधत होती. इथं एक अडचण आली. कांता निवडीच्या दिवशी पडवीच्या टोकाला एक लाकडी स्टूल ठेवायची आणि चुलींकडे पाठ करून बसायची. ताटं मागून यायची, कुणाचं कोणतं ते तिला सांगायचं नाही. रांधणाऱ्याचं तोंड दिसलं की जिभेवर दया येते, असं तिचं म्हणणं. आता त्या स्टुलावर बसायचं कुणी? शेफाली म्हणाली, मी नाही. मी म्हणाले, मला भूगोल कळतो, मीठ कळत नाही.

मावसाजी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते. लेक गेल्यापासून ते फारसं बोलत नव्हते, धड जेवतही नव्हते. ते उठले, धोतर सावरलं आणि जाऊन स्टुलावर बसले, चुलींकडे पाठ करून. शेफालीनं एकेक ताट मागून पुढे सरकवलं. पहिलं त्यांनी चाखलं, बाजूला ठेवलं. दुसरं चाखलं, थोडं जास्त खाल्लं, ठेवलं. तिसऱ्याचा, वास्त्यांचा, घास घेतला आणि थांबले. आम्हाला त्यांची नुसती पाठ दिसत होती. मग त्यांनी न वळता रिकामा हात मागे केला.

"भात आन वो आनखी थोडा."

शेफाली भाताचं पातेलं घेऊन धावली. सुनीतानं तोंडाला पदर लावला. मावसाजी मात्र कुणाकडेही न पाहता, शेवटच्या शितापर्यंत, पोटभर जेवले.